औषध मागण्याआधी डाग वाचा

गिरगावातल्या चाळीची गॅलरी घ्या, दादरच्या जुन्या इमारतीतली खिडकी घ्या, नाहीतर परळ-लालबागला गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यातली काचबंद बाल्कनी घ्या. तेथे एखादी कोरफड, पानफुटी किंवा निवडुंग सापडायचाच. मुंबईच्या घरात जागा थोडी, ऊन थोडे आणि झाडांना पाणी घालायची आठवण त्याहूनही थोडी. ज्यांच्या पानांत किंवा खोडांत पाण्याचा साठा असतो, त्या मांसल वनस्पतीच अशा घरात तग धरतात. हल्ली रोपवाटिकेत त्यांना ‘सक्युलंट’ म्हणतात आणि चहाच्या कपाएवढ्या कुंड्यांत लावून विकतात.

विद्यार्थिमित्रांनो, अशा झाडाच्या पानावर एक दिवस डाग दिसतो. तो तपकिरी असेल, पिवळा असेल, काळा किंवा पांढरा असेल. मग घरात काय होते ते तुम्ही पाहिले असेल. एक जण म्हणतो, “पाणी कमी पडले.” दुसरा म्हणतो, “पाणी जास्त झाले.” शेजारच्या काकू हळद टाकायला सांगतात. शेवटी कोणीतरी दुकानात जाऊन “पानांवर डाग पडलेत, औषध द्या” म्हणून मागतो आणि दुकानदार एक बाटली काढून देतो. डाग कसला, हा प्रश्न या सगळ्या धावपळीत कोणी विचारलेलाच नसतो.

माझे म्हणणे असे, की हा क्रम उलटा आहे; आणि तो झाडापुरता उलटा राहत नाही. ज्या घरात डागासाठी चौकशी न करता बाटली येते, त्या घरात तापासाठी मागच्या खेपेच्या उरलेल्या गोळ्याही डॉक्टरांना न विचारता निघतात. कारण न शोधता उपाय करण्याची ही एकच सवय आहे. ती मोडायची तर सुरुवात खिडकीतल्या कोरफडीपासून करावी. निदान चुकले तर नुकसान थोडे, आणि शिकायला मात्र पुष्कळ.

डाग एक, कारणे अनेक

‘पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे’ हे आपल्या न्यायशास्त्रातले अनुमानाचे जुने उदाहरण. हे अनुमान टिकते, कारण अग्नीवाचून धूर निघत नाही असे आपण गृहीत धरलेले असते. पानावरच्या डागाचे तसे नाही. तोच तपकिरी डाग उन्हाने पडतो, पाण्याने पडतो, बुरशीने पडतो, किडीने पडतो आणि कधी कधी खिडकी लावताना पानाला बसलेल्या मारानेही पडतो. त्यामुळे डाग पाहून एकदम रोगाचे नाव घेणे हे अनुमान नव्हे, तो अंदाज झाला. अंदाजाचे अनुमान करायचे तर आणखी पुरावा हवा, आणि तो पुरावा पानावरच असतो. चार साधे प्रश्न विचारले की तो हाती येऊ लागतो.

पहिला प्रश्न: डाग पुसला जातो का? ओल्या फडक्याने पान हलकेच पुसा. इमारतीच्या बांधकामाची धूळ, पाणी वाळून मागे राहिलेले क्षार हे पुसले जातात. कापसासारखा पांढरा पुंजका पुसून निघाला आणि बोटाला चिकटपणा लागला, तर तो डाग नव्हे; तो पिठ्या ढेकूण नावाचा कीटक आहे.

दुसरा प्रश्न: डाग कोणत्या बाजूला आहे? फक्त उजेडाकडच्या बाजूला, की सगळीकडे? वरच्या पानांवर, की बुडाशी?

तिसरा प्रश्न: डाग कोरडा आहे की ओला? बोटाने दाबल्यावर कागदासारखा लागतो, की पिकलेल्या केळ्यासारखा मऊ?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: डाग वाढतो का? हा एका दिवसात सुटत नाही. त्यासाठी बटर पेपर पानावर ठेवून डागाची कड पेन्सिलीने उतरवा, तो कागद आलेखाच्या कागदावर ठेवा आणि आतले चौरस मोजा. दर तीन दिवसांनी असे करा. समजा, तुमचे आकडे १२, १२, १२ चौरस मिलिमीटर असे आले, तर जे काही घडायचे ते घडून गेलेले आहे आणि तुम्ही पाहता तो केवळ व्रण आहे. आकडे १२, २०, ३५ असे आले, तर कारण अजून काम करते आहे. बाटली आणायची की नाही, याचा निम्मा निर्णय येथेच होतो.

आणि हो, काही डाग मुळी डागच नसतात. कोवळ्या कोरफडीच्या पानांवर पांढुरके ठिपके जन्मतःच असतात. ‘स्नेक प्लँट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या झाडाच्या पानांवर आडवे पट्टे असतात. त्यांवर औषध मारणे म्हणजे वाघाचे पट्टे साबणाने धुण्यासारखे आहे.

कुंडी हलली नाही, सूर्य हलला

मी भौतिकशास्त्र शिकवतो, वनस्पतिशास्त्र नव्हे. तरी या विषयात लक्ष घालतो, कारण घरातल्या झाडांवरच्या डागांचे मूळ अनेकदा ऊन, उष्णता, पाणी आणि वाफ यांत सापडते. आणि हे सगळे तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे.

पुष्कळ जण सांगतात, “कुंडी वर्षभर एकाच जागी आहे, मग ऊन लागले असे कसे म्हणता?” येथे थोडा हिशेब करू. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस साडेतेवीस अंशांवर असतो. म्हणजे त्या दिवशी मुंबईत माध्यान्हीच्या सूर्याची क्षितिजापासून उंची ९० − १९ − २३.५ = ४७.५ अंश. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला ती ७१ अंश असते. आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो.

आता तुमची गॅलरी दक्षिणेला आहे आणि तिच्या पागोळीची कड जमिनीपासून अडीच मीटर उंच आहे असे धरा. सूर्याच्या उंचीच्या स्पर्शकाने, म्हणजे त्रिकोणमितीतल्या ‘टॅन’ने, या उंचीला भागले की ऊन किती आत येते ते कळते. जूनमध्ये माध्यान्हीचे ऊन जमिनीवर मुळीच येणार नाही. सप्टेंबरअखेर ते सुमारे ८६ सेंटिमीटर आत येईल. डिसेंबरअखेर मात्र ते जवळजवळ २.३ मीटर आत येईल! भिंतीलगतच्या ज्या कोरफडीने चार महिने ढगाळ उजेडात काढले, तिच्या पानांवर ऑक्टोबर-नोव्हेंबरात अचानक थेट ऊन पडू लागते. कुंडी जागची हलली नाही, सूर्य हलला.

मजा अशी, की एकाच इमारतीत हे उत्तर मजल्यागणिक बदलते. इ. स. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने इमारतींना उजेड मिळावा म्हणून ६३½ अंशांच्या कोनाचा नियम ठरवला होता. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याचा स्पर्शक जवळजवळ २ येतो. म्हणजे समोरची इमारत १२ मीटर उंच असेल तर मध्ये निदान ६ मीटर मोकळी जागा हवी. अशी इमारत तुमच्या दक्षिणेला असेल, तर तळमजल्यावरून तिचा माथा ६३½ अंशांवर दिसेल आणि डिसेंबरातला ४७.५ अंशांवरचा सूर्य तिच्यामागे दडेल. वरच्या मजल्यावर मात्र तेच ऊन थेट आत येईल. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकांच्या कोरफडीवरचा उपाय तळमजल्यावर लागू पडेलच असे नाही.

उन्हाचा डाग ओळखायचा कसा? तो उजेडाकडच्या बाजूला पडतो, कोरडा असतो, फिकट किंवा तपकिरी असतो, आणि झाड सावलीत सरकवल्यावर त्याचे क्षेत्रफळ वाढत नाही. त्याला औषध नाही. जागा बदलणे हाच उपाय. ऊन द्यायचेच असेल तर सकाळच्या कोवळ्या उन्हापासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत सवय लावावी.

माठ आणि बरणी

तुम्ही विचाराल, निवडुंग तर वाळवंटातला. मग त्याच्या जातभाईंना ऊन कसे बाधते? याचे उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. माठातले पाणी गार होते, कारण माठाच्या छिद्रांतून पाणी झिरपून त्याचे बाष्पीभवन होते आणि त्याला लागणारी उष्णता माठातूनच घेतली जाते. चिनी मातीच्या बरणीतले पाणी असे गार होत नाही. साध्या झाडाचे पान दिवसा माठासारखे वागते. त्याची पर्णरंध्रे उघडी असतात, बाष्प बाहेर पडते आणि पान गार राहते. बहुतेक मांसल वनस्पती पाणी वाचवण्यासाठी ही रंध्रे दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात. म्हणजे भर दुपारी कोरफड ही बरणी असते. सवय नसताना थेट ऊन पडले की तिचे जाडजूड पान भोवतालच्या हवेपेक्षा बरेच तापते. शिवाय पानाला प्रकाशसंश्लेषणासाठी वापरता येईल त्याहून जास्त प्रकाश मिळाला की तो जादा प्रकाशच त्या यंत्रणेची मोडतोड करतो. हळूहळू ऊन मिळालेले झाड याविरुद्ध तयारी करते. घरातल्या उजेडात वाढलेल्याला ती संधी मिळालेली नसते.

रात्री श्वास घेणाऱ्या या वनस्पतींचे गुपित प्रथम लक्षात येण्याचा मान पानफुटीचा आहे, आणि ते निरीक्षण भारतातच झाले. बेंजामिन हाइन हे वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण भारतात काम करीत. पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते आणि दिवस चढेल तशी ती चव नाहीशी होते, असे त्यांनी लंडनच्या लिनीअन सोसायटीला पत्राने कळवले. ते पत्र १८१५ मध्ये छापले गेले. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पती आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा वापरते, हा त्यामागचा अर्थ पुष्कळ वर्षांनी उलगडला. पान चावून पाहण्याचा हा प्रयोग तुम्ही मात्र करू नका. पानफुटीत विषारी द्रव्ये असतात. घ्यायचे ते हाइनसाहेबांचे एकच: एकच पान वेगवेगळ्या वेळी तपासण्याची चिकाटी.

पाणी आणि दमट हवा

पावसाळ्यात चित्र उलटे होते. जुलैत मुंबईची हवा बाष्पाने भरलेली असते. कुंडीतली माती वाळत नाही, मुळे पाणी ओढत राहतात आणि पानांतून मात्र बाष्प बाहेर पडत नाही. पेशी फुगतात, काही फुटतात, आणि त्या जागी खरबरीत, बुचासारखे फोड दिसू लागतात. हा संसर्ग नाही. पाणी कमी केले, हवा खेळती ठेवली की नवे फोड येणे थांबते.

पाण्याचा अतिरेक चालूच राहिला तर बुडाकडची पाने पिवळी, अर्धपारदर्शक आणि मऊ होतात. येथे डाग पानावर दिसतो, पण आजार मुळाशी असतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. अशा वेळी पानावर काही फवारणे म्हणजे गळणारा नळ सोडून फरशी पुसत बसणे. कुंडी उपडी करून मुळे पाहावीत, काळी व बुळबुळीत मुळे छाटावीत, उरलेले झाड दोन-चार दिवस सावलीत कोरडे होऊ द्यावे आणि रेती व विटांचा चुरा मिसळलेल्या कोरड्या मातीत लावावे. कुंडीच्या बुडाला भोक आहे ना, हेही तेव्हाच पाहावे. छाटताना एक सावधगिरी: शेर, त्रिधारी निवडुंग यांसारख्या वनस्पतींचा पांढरा चीक डोळ्यांना फार अपायकारक असतो. हे काम मोठ्या माणसांच्या देखत, हातमोजे घालून करावे.

सजीव गुन्हेगार

आता राहिले खरोखरच्या रोगांचे डाग. आल्टर्नेरिया, कोलेटोट्रिकम यांसारख्या बुरशा मांसल पानांवर डाग पाडतात. असा डाग बहुधा गोलसर, किंचित खोलगट, गडद कडेचा असतो. कधी त्यात वर्तुळे किंवा बारीक काळे ठिपके दिसतात. तांबेऱ्याचे डाग नारिंगी-तपकिरी पुटकुळ्यांसारखे असतात. जिवाणूंची कूज ओली असते, झपाट्याने पसरते आणि तिला दुर्गंधी येते. कोळी नावाचे अतिसूक्ष्म प्राणी पानाचा रस शोषतात. त्यांचे ठिपके टाचणीच्या टोकाएवढे आणि दाट असतात, आणि भिंगातून बारीक जाळेही दिसते.

पण येथे एक खाचखळगा आहे. डागात बुरशी दिसली म्हणून डाग बुरशीनेच पाडला असे सिद्ध होत नाही. उन्हाने भाजलेल्या मेलेल्या भागावरही बुरशी मागाहून येऊन राहते. एखाद्या जंतूला रोगाचे कारण ठरवायचे तर तो रोग्यात सापडणे पुरेसे नाही. तो वेगळा काढून निरोगी प्राण्यात किंवा झाडात घातल्यावर तोच रोग व्हायला हवा, असा दंडक रॉबर्ट कॉक या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घालून दिला तो यासाठीच.

परळचे पिंजरे

कारण सापडण्याआधी केलेल्या उपायांचे काय होते, याचा मोठा धडा आपल्याच शहराच्या इतिहासात आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. प्लेगचा जंतू दोन वर्षांपूर्वीच हाँगकाँगला सापडलेला होता. पण तो माणसापर्यंत येतो कसा, हे माहीत नव्हते. तरी उपाय धडाक्याने सुरू झाले. घरे कार्बोलिकने धुतली, भिंतींना चुना फासला, गटारे फ्लश केली, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले काढली, लोकांचे सामान जाळले. सरकारने हे जबरदस्तीने केले आणि लोकांना अतोनात त्रास झाला. प्लेग मात्र वर्षानुवर्षे येतच राहिला. उजेडाचा कोन ठरवणारा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट या प्लेगच्या पाठोपाठच जन्मला. घरात हवा-उजेड यावा हे चांगलेच. पण प्लेगची वाट वेगळीच होती.

उंदरावरची पिसू प्लेग पसरवते, असे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये मांडले, तेव्हा फारसे कोणी मानले नाही. पुढे १९०५ पासून प्लेगचा तपास करणाऱ्या आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेच्या जागी, हा प्रश्न धसाला लावला. त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. पिसवा नसलेल्या खोलीत आजारी आणि निरोगी प्राणी एकत्र ठेवले. निरोगी प्राण्यांत रोग पसरला नाही. मग पिसवा असलेल्या खोलीत गिनीपिगांचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर ठेवले. पिसूची उडी चार-पाच इंचांची. तिच्या टप्प्यातल्या पिंजऱ्यांतल्या प्राण्यांना प्लेग झाला. दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यांतले प्राणी वाचले. हवा तीच, खोली तीच, प्राणी त्याच जातीचे. फरक फक्त उंचीचा! एका वेळी एकच गोष्ट बदलली, म्हणून उत्तर निःसंदिग्ध मिळाले.

हेच तुम्ही पानफुटीवर करू शकता, आणि निसर्गाने तुमची सोय करून ठेवली आहे. पानफुटीचे एक पान ओलसर मातीवर ठेवले की त्याच्या कडेने अनेक रोपे फुटतात. ती सगळी एकाच पानाची, म्हणजे आनुवंशिक दृष्ट्या एकसारखी. त्यांतली सहा सारख्या कुंड्यांत, सारख्या मातीत लावा. तीन भरपूर उजेडात ठेवा, तीन खोलीच्या आत. पाणी दोघांना सारखेच मोजून द्या. महिनाभर नोंदी ठेवा. पुढच्या महिन्यात सगळी एकाच जागी ठेवून फक्त पाण्याचे प्रमाण बदला. उजेड आणि पाणी दोन्ही एकदम बदलले, तर झाड सुधारेलही कदाचित. पण कशाने सुधारले ते तुम्हाला सांगता येणार नाही.

मग औषध घ्यायचेच नाही का?

“वाट पाहता पाहता झाड मेले तर?” अशी शंका येणे रास्त आहे. बुरशी खरोखर पसरते आणि शेजारच्या कुंडीतही जाते. म्हणून डाग दिसताच एक गोष्ट लगेच करावी: ती कुंडी इतरांपासून दूर ठेवावी आणि पानांवर पाणी पडू देऊ नये. याला पैसे लागत नाहीत, आणि निदान काहीही निघाले तरी यात नुकसान नाही. डाग वाढतो आहे असे आकडे सांगू लागले, की ते पान स्वच्छ सुरीने कापून पिशवीत बांधून टाकावे आणि सुरी स्पिरिटने पुसावी. पिठ्या ढेकूण असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने एकेक टिपावा. आधी एकाच पानावर करून दोन दिवस थांबावे. खिडकीतल्या दोन-चार कुंड्यांसाठी एवढ्याने बहुधा भागते. घरगुती उपायही तपासूनच करावेत. ‘घरगुती’ म्हणजे ‘निर्धोक’ असे समीकरण नाही. खाण्याचा सोडा वरचेवर फवारला तर त्यातले सोडियम कुंडीच्या मातीत साठत जाते.

इतके करूनही डाग पसरला आणि तो बुरशीचाच आहे असा पुरावा असला, तर बुरशीनाशकाचा विचार करावा. पण तो मोठ्यांनी, जाणकाराला विचारून, आणि उघड्यावर. दहा बाय बाराच्या ज्या खोलीत घरचे लोक जेवतात आणि झोपतात, तेथे फवारणी कदापि करू नये. आपल्याकडे कीडनाशकांच्या डब्यावर टोकावर उभा केलेला चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो, आणि विषाची तीव्रता या क्रमाने कमी होत जाते. लाल सर्वांत घातक. पण हिरवा म्हणजे बिनविषारी असे नव्हे. ही विषे काय करू शकतात हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पिकावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो आजारी पडले. त्यांच्यापुढे पीक वाचवण्याचा, पोटाचा प्रश्न होता. खिडकीतल्या एका डागासाठी, तोही बहुधा उन्हाचा, तसले विष घरात आणायला आपल्याजवळ काय कारण आहे?

आणखी एक लक्षात ठेवा. मेलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. उपाय बरोबर असला तरी जुना डाग तसाच राहतो. पुष्कळ जण ‘डाग गेला नाही’ म्हणून दुसरे औषध, मग तिसरे औषध मारत सुटतात. उपाय लागू पडला की नाही, हे नव्या पानावर पाहायचे असते. नवे पान स्वच्छ आले, की झाड बरे झाले.

शिक्षकांना विनंती

शेवटी शिक्षकमित्रांना एक विनंती. वर्गाच्या खिडकीत कोरफडीच्या आणि पानफुटीच्या चार कुंड्या ठेवा आणि शेजारी एक वही टांगा. वहीत तारीख, डागाची जागा, क्षेत्रफळ, त्या दिवशी ऊन कोठवर आले, पाणी किती घातले, एवढेच रकाने असावेत. ‘रोगाचे नाव’ हा रकाना शेवटी, आणि तो रिकामा ठेवण्याची मुभा असावी. परीक्षेत आपण बुरशीची नावे विचारतो आणि ती पाठ करणाऱ्याला गुण देतो. ‘अजून सांगता येत नाही, डाग वाढतो का ते आणखी आठवडाभर पाहू’ असे कारणांसह लिहिणाऱ्याला मात्र शून्य मिळते. माझ्या मते या दुसऱ्या मुलाने विज्ञान अधिक शिकलेले असते. त्याला गुण द्यायला हवेत.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही शाळेच्या वहीची वाट पाहू नका. घरातल्या झाडाचे एखादे डागाळलेले पान आज निवडा, त्याची कड बटर पेपरवर उतरवा आणि खाली तारीख घाला. तीन दिवसांनी पुन्हा मोजा. तोवर कोणी औषध आणायला निघालेच, तर त्यांना नम्रपणे पण ठामपणे एवढेच विचारा: “कशावरचे औषध?”